चिठ्ठीतलं आणि पिशवीतलं

यंदाच्या अंकाचा विषय ‘कागद’. संपादकांचा फोन आला तोवर पोथ्या, सातबारे, हुंड्या आणि प्रेमपत्रं वाटून झाली होती. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली. मुंबईत रोज हजारो हातांतून फिरणारा हा कागद, पण ज्याच्यासाठी लिहिला त्याला तो सहसा वाचता येत नाही.

तो बघायचा तर परळला जावं. आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडियांची रुग्णालयं, चार पावलांवर टाटाचं कॅन्सर रुग्णालय, जवळच हाफकिन संस्था. 1899 साली जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा, म्हणजे आजचं हाफकिन, आली, 1926 साली केईएम सुरू झालं, 1941 साली टाटा. सकाळी अकराच्या सुमारास केईएमच्या दाराबाहेर उभं राहिलं की एका हातात एक्स-रेची पिशवी आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला केसपेपर अशी माणसं एकामागून एक मेडिकलच्या दुकानांकडे वळताना दिसतात. ‘हे आतून मिळालं, हे बाहेरून आणायला सांगितलंय’ एवढं बहुतेकांना माहीत असतं. कोणती गोळी कशासाठी, हे विचारलं तर कागदच पुढे करतात.

मी निघालो होतो डॉक्टरांच्या अक्षरावर लिहायला. थोड्याच दिवसांत तो विषय सोडून दिला. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असा नियम मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये केला. आता निम्म्या ठिकाणी चिठ्ठी छापूनच येते. अक्षर सुधारलं तरी खरी अडचण जागच्या जागी आहे. चिठ्ठीत असतं ते एका डॉक्टरने आज काय लिहिलं एवढंच. माणूस प्रत्यक्षात काय काय गिळतो, ते असतं घरच्या पिशवीत. आणि ती पिशवी कुणी उघडून बघत नाही.

दादरची पिशवी

दादर पश्चिमेच्या एका सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी ती उघडलेली पाहिली. फार्माकॉलॉजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तिथे अधूनमधून येतात. त्यांची अट एकच: फाइल नको, घरात असलेलं सगळं औषध घेऊन या. डोळ्यांचे थेंब, काढा, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासकट.

एका काकांनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर रिकामी केली.

“ही कशासाठी घेता?”

“हार्टची.”

“आणि ही?”

“ती पण हार्टचीच. पण दुसऱ्या डॉक्टरांची.”

दोन्ही पट्ट्यांवर टेल्मिसार्टन होतं, रक्तदाबाचं. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, रंगही वेगळा. एक फॅमिली डॉक्टरांनी दिलेली, दुसरी रुग्णालयातून घरी सोडताना लिहून दिलेली. गेले कित्येक महिने काका दोन्ही घेत होते आणि सकाळी उठल्यावर गरगरतं म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. तिथून चक्कर थांबवायची तिसरी गोळी मिळाली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं काकांना भिंगातून वाचायला लावली. दुसरी गोळी बंद करा, असंही त्या म्हणाल्या नाहीत. दोन्ही पट्ट्या घेऊन उद्याच फॅमिली डॉक्टरांकडे जा, म्हणाल्या. मंडळात सल्ला एवढाच मिळतो, बाकीचं काम डॉक्टरांचं.

त्या दिवशीच्या पिशव्यांतल्या तीन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक, रक्तदाबाची गोळी, त्यातच मिसळलेलं लघवी वाढवणारं औषध आणि गुडघ्यासाठी रोजची वेदनाशामक गोळी. सुटं सुटं पाहिलं तर तिन्ही रास्त. एकत्र आली आणि त्यात उन्हाळा किंवा जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं, की म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडं कोलमडू शकतात. रक्तदाबवाल्या डॉक्टरांना गुडघ्याची गोळी माहीत नसते, हाडाच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची विचारलेली नसते. दोघांच्याही चिठ्ठीत चूक सापडणार नाही.

दुसरी, पॅन्टोप्रॅझोल. आम्लपित्ताची ही गोळी जवळजवळ प्रत्येक पिशवीत होती. “कधीपासून?” याचं उत्तर “ऑपरेशन झालं तेव्हापासून,” आणि ऑपरेशन करोनाच्या आधीचं. सुरू कुणी केली ते सांगता येतं. थांबवायची कुणी, हे ठरलेलंच नसतं. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हे सांगायला कुणाला वेळ झालेला नसतो.

हे दादरपुरतं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या मोठ्या शिक्षण रुग्णालयांतल्या चिठ्ठ्या तपासल्या. परळचं केईएमही त्या पाहणीत होतं. 4838 चिठ्ठ्यांपैकी जवळपास 45 टक्के कुठे ना कुठे उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांपासून सरकलेल्या होत्या. 475 चिठ्ठ्यांतलं सरकणं स्वीकारण्याजोगं नव्हतं. त्यांत सर्वांत जास्त आढळलेलं औषध पॅन्टोप्रॅझोल. या चिठ्ठ्या लिहिणारे गल्लीबोळातले अर्धशिक्षित नव्हते, नामांकित संस्थांतले पदव्युत्तर डॉक्टर होते. मला या पाहणीतलं हेच सर्वांत बोलकं वाटतं.

तिसरी गोष्ट एकाच पिशवीत होती, पण तिथे बाई थबकल्या. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. बाकी सगळी औषधं रोजची असल्यावर हीही रोज घेतली जाते, आणि मग तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावतोही. जगभर ही चूक होत आली आहे. त्या आजींच्या पट्टीवर सुनेने जाड पेनाने ‘फक्त गुरुवार’ लिहून ठेवलं होतं.

लालबागची पुडी

संध्याकाळी आठनंतर लालबागच्या चाळींत दवाखाने भरतात. बाहेर बाकडं, आत अर्धा पडदा, पडद्याआड डॉक्टर. पूर्वी कंपाउंडर असायचा आणि लाल मिक्श्चरच्या बाटलीला कातरलेल्या कागदाची डोस दाखवणारी पट्टी चिकटवायचा. मिक्श्चर गेलं, पुडी राहिली. तीन-चार सुट्या गोळ्या, वर्तमानपत्राच्या किंवा पांढऱ्या कागदात. ‘पिवळी सकाळ-संध्याकाळ, पांढरी जेवल्यावर, छोटी रात्री.’ नाव कुठेच नाही.

पुडी देणाऱ्या एका डॉक्टरांना मी थेट विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “नुसती चिठ्ठी दिली तर पेशंट म्हणतो, औषध नाही देणार? मग पैसे कशाचे? माझी फी त्या पुडीत आहे.” दीडदोनशे रुपयांत तपासणी आणि दोन दिवसांचं औषध असा हा व्यवहार आहे. त्यात बोलण्याचे, विचारण्याचे, ‘थांबून बघू’ म्हणण्याचे पैसे धरलेलेच नाहीत. शिवाय समोरचा माणूस रोजंदारीवर. उद्या कामावर उभं राहता येईल असं काहीतरी त्याला आज हवं असतं. म्हणून अंगदुखीवर इंजेक्शन, आणि काही ठिकाणी पुडीत एक बारीकशी स्टेरॉइडची गोळी. ताप उतरतो, भूक लागते, डॉक्टरांचा गुण येतो. मधुमेह असेल तर साखर भडकते, पण तेव्हा कुणी पुडीला दोष देत नाही.

पावसाळ्यात हा खेळ जास्त महागात पडतो. ताप मलेरियाचा, डेंग्यूचा की नुसता फ्लूचा, हे पहिल्या दिवशी हात लावून कळत नाही. डेंग्यू असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळायचं असतं, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, एवढंच. पुडीत काय होतं हे माहीत नसेल, तर तिसऱ्या दिवशी प्लेटलेट घसरलेला रुग्ण ज्या रुग्णालयात पोचतो तिथला निवासी डॉक्टर अंदाजावर चालतो. पुडीवर औषधाचं नाव लिहायला पेन आणि पाच सेकंद लागतात. असं लिहिणारे डॉक्टर याच भागात आहेत, तेव्हा ‘वेळ नाही’ ही सबब मला पटत नाही.

या दवाखान्यांवरच्या पाट्याही बघाव्यात. एमबीबीएस थोडे, बीएएमएस आणि बीएचएमएस पुष्कळ. एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधं लिहू देणारा कायदा महाराष्ट्राने 2014 मध्ये केला. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना आणि सरकार यांच्यात अजून वाद धुमसतो आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम पुरेसा नाही असं माझं मत आहे. पण मघाच्या 475 चिठ्ठ्या आठवल्या, की नुसत्या पदवीवर बोट ठेवून सुटका होत नाही.

शंभर डॉक्टर, ऐंशी पद्धती

चुकीच्या चिठ्ठीची किंमत एका माणसावर थांबत नाही, हे मुंबईला क्षयाने शिकवलं. 1991 साली डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीसारख्या वस्त्यांतल्या खासगी डॉक्टरांना विचारलं: फुप्फुसाचा क्षय झालाय, काय लिहून द्याल? शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. बहुतेक अयोग्य, शिवाय महागड्या.

वीस वर्षांनी, 2010 साली, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न 106 खासगी डॉक्टरांना विचारला. या वेळी पद्धती 63 निघाल्या. बरोबर चिठ्ठी लिहू शकले फक्त सहा जण. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची चिठ्ठी तर तिघांनाच जमली. कमी औषध देण्यापेक्षा जास्त औषधं, जास्त काळ देण्याकडे कल होता. पुढे 2011-12 मध्ये याच उदवाडियांनी उपलब्ध असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे मुंबईतले रुग्ण जगापुढे मांडले आणि एकच गदारोळ उठला. मधली साखळी सोपी आहे. अर्धवट किंवा चुकीच्या जोडीने दिलेलं औषध कच्चे जंतू मारतं, चिवट जंतू राखतं. ते चिवट जंतू मग दहा बाय दहाच्या खोलीत शेजाऱ्याच्या छातीत जातात. त्या शेजाऱ्याने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसते.

क्षयाची बरोबर चिठ्ठी लिहायला लागतं काय? वजनकाटा. आता रोजची एकत्रित गोळी असते, तीत चार औषधं. 35 ते 49 किलोच्या माणसाला तीन गोळ्या, 50 ते 64 किलोच्या माणसाला चार. दोन महिने ही, पुढचे चार महिने तीन औषधांची. उपचारांत वजन वाढलं तर हिशोब बदलतो. लघवी केशरी होईल हे आधी सांगावं लागतं, नाहीतर घाबरून माणूस गोळ्या सोडतो. बाई कुटुंबनियोजनाची गोळी घेत असेल तर रिफॅम्पिसिनमुळे ती निकामी होऊ शकते, हेही सांगावं लागतं. यातलं काहीच अवघड नाही. सगळंच बोलण्याचं काम आहे.

शिवडीच्या क्षय रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं, की न सांगितलेल्या गोष्टींचा हिशोब तोंडाला मास्क बांधून चालताना दिसतो. प्रतिरोधक क्षयावर पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शनं महिनोन् महिने देत. त्या इंजेक्शनांनी पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती 2013 साली गेली. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह, इंजेक्शनं टाळू शकणाऱ्या बेडाक्विलिनवरच्या पेटंटची मुदत वाढवण्याला हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. औषधाने जे हिरावलं त्यावर रुग्णाने दिलेलं इतकं नेमकं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

खासगी डॉक्टर सुधारले का? थोडे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्षयाची लक्षणं सांगणारे शिकवून तयार केलेले ‘रुग्ण’ मुंबई आणि पाटण्यातल्या दवाखान्यांत पाठवले होते. 2652 भेटींपैकी 35 टक्के भेटींत डॉक्टरांनी योग्य ते केलं. दरम्यान मुंबईत खासगी डॉक्टरांच्या रुग्णांनाही तपासणी आणि औषधं मोफत मिळवून देणारी योजना राबवली गेली. डॉक्टर बदलायचा नाही, केमिस्ट बदलायचा नाही, फक्त औषध सरकारी. माणूस आहे तिथेच त्याला गाठायची ही युक्ती शहाणपणाची होती.

गिरगावातला काउंटर

गिरगावातल्या एका जुन्या मेडिकलमध्ये मी दुपारभर स्टुलावर बसलो. मालक तिसऱ्या पिढीचे, स्वतः फार्मासिस्ट. हाकेच्या अंतरावर प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामळदास गांधी मार्ग, औषधांचा घाऊक बाजार. हातगाड्या, खोकी आणि ‘अर्ध्या तासात मागवून देतो’ हे वाक्य तिथूनच येतं.

तासाभरात चिठ्ठीशिवाय आलेली गिऱ्हाइकं चिठ्ठीवाल्यांपेक्षा जास्त होती. “अझिथ्रोची तीनची पट्टी द्या, घसा धरलाय.” मालकांनी विचारलं, “कुणी सांगितली?” “मागच्या वेळी दिली होती ना.” 2019 मध्ये देशाच्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेलं प्रतिजैविक म्हणजे ही अझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी. घसा धरण्याचं कारण बहुतेक वेळा विषाणू, आणि त्यावर ही गोळी काही करत नाही. मालकांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. गिऱ्हाईक उतरून समोरच्या दुकानात गेलं. मालक माझ्याकडे बघून हसले. “झालं. गेलं.”

कायदा कमी नाही. 1 मार्च 2014 पासून एच-वन नावाची यादी लागू आहे. सुरुवातीला तीत 46 औषधं होती, बरीच प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, काही झोपेच्या गोळ्या. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि वही तीन वर्षं जपायची. सेफिक्झिम हे प्रतिजैविक त्या यादीत आहे. मालकांनी वही दाखवली, नीट भरलेली होती. अशी वही सगळीकडे असते का, हे विचारायची गरज नव्हती. 2016 मध्ये केंद्राने प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेघ आणली: चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दुकानात आलेल्या पाचसहा जणांना मी ती रेघ दाखवली. एकाला वाटलं, तिथून कापायचं.

फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी बडगा उचलला, तेव्हा राज्यातल्या औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. तो वाद परवान्यांभोवतीच फिरला. फार्मासिस्टने गिऱ्हाइकाशी दोन मिनिटं बोलावं, त्यासाठी त्याला काही मिळावं, हा मुद्दा मागेच राहिला. आजही त्याची कमाई पट्टी विकण्यात आहे, न विकण्यात काहीच नाही.

आणि चिठ्ठीवरही सगळं भरवशाचं कुठे असतं? एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली शेकडो मिश्रणं बाजारात आहेत. केंद्राने 2016 मध्ये 344 मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, फेरतपासणीनंतर 2018 मध्ये 328 मिश्रणं बंद झाली. ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156. म्हणजे तोवर ती रीतसर लिहिली जात होती आणि रीतसर विकली जात होती. पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटनेचे कार्यकर्ते अनेक दशकं हेच ओरडून सांगत आले.

हिंदमाताचं पाणी

चांगलं काय चालतं, तेही बघितलं. पावसाळ्यात हिंदमाता चौकात पाणी तुंबतं आणि परळ-दादरची माणसं गुडघाभर पाण्यातून घरी जातात. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने त्याचे बळी मोजले. त्यामुळे आता जोराचा पाऊस झाला की महापालिका सांगते: पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत दवाखान्यात या, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या.

प्रौढाला डॉक्सिसायक्लिन. पण गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ते नाही, त्यांना अझिथ्रोमायसिन. पाणी एकच, घर एकच, गोळी वेगळी. शिवाय डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी घेऊ नये, भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. पालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिका रांगेतल्या प्रत्येक बाईला “दिवस गेलेत का?” आणि “घरी लहान कोण आहे?” हे दोन प्रश्न विचारत होत्या. एका माणसाने घरच्या चौघांसाठी चार गोळ्या मागितल्या. त्याला मिळाली एकच, आणि बाकीच्यांना घेऊन या असा निरोप.

कळवायचं कुणाला

1986 साली जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. मेंदूवरचा दाब उतरवायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी चव्हाट्यावर आणली. चिठ्ठी तिथे बरोबर होती, बाटली चुकीची होती. तेच विष 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधातून छिंदवाड्याच्या मुलांच्या पोटात गेलं. वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतल्या कितीतरी जणांवर नागपुरात उपचार चालले होते. बाटली तर वाईट होतीच, पण त्यातलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्येच बजावलं होतं. या वेळी चिठ्ठीही चुकली होती.

अशा गोष्टी वेळेत कळाव्यात म्हणून एक यंत्रणा आहे आणि तिचा एक जुना खांब परळलाच आहे. 1997 मध्ये भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदुष्परिणाम नोंदणीत सामील झाला, तेव्हा दिल्लीच्या एम्ससोबत निवडलेल्या दोन केंद्रांपैकी एक केईएम होतं. 2010 पासून देशव्यापी औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. कुठे अंगावर चट्टे, कुठे सूज, कुठे कावीळ, अशा सुट्या सुट्या नोंदी एकत्र आल्या की त्यातून इशारा निघतो. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, हा नोव्हेंबर 2023 चा इशारा अशाच नोंदींतून आला.

नोंद डॉक्टरांनीच करावी असं नाही. रुग्ण स्वतः करू शकतो, नातेवाईक करू शकतात, केमिस्ट करू शकतो. अर्ज मराठीतही आहे. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं आणि सोबत आणखी कोणती औषधं चालू होती, एवढं सांगावं लागतं. खात्री नसली, नुसती शंका असली तरी चालतं. पट्टी मात्र फेकू नका, तिच्यावरचा बॅच नंबर विचारतात. कामाच्या दिवशी फोन करायचा मोफत क्रमांक आहे 1800-180-3024.